पाण्याचा काठ कोणाचा?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचं काय करायचं, हा वाद दर काही वर्षांनी पेटतो. बंदर प्राधिकरणाकडे तिथे सुमारे १,८०० एकर जमीन आहे. चर्चा मात्र एफएसआय (जमिनीच्या तुलनेत किती बांधकाम करू द्यायचं ते प्रमाण) किती, टॉवर किती मजली, सिंगापूरसारखं करायचं की दुबईसारखं, यातच अडकते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये बसून हे सगळं वाचताना जीव तुटतो. माझगाव-शिवडीच्या माणसाला समुद्र दिसणार का, हे कोणी विचारतच नाही.

या स्वीडिश बंदरात येता नदीच्या काठी, लिला बोम्मेनला, कार्यालयांची एक २२ मजली लाल-पांढरी इमारत आहे. राल्फ अर्स्किन या वास्तुविशारदाचं हे काम १९८९ साली पूर्ण झालं. लोक तिला लिपस्टिक म्हणतात. कुणाला ती आवडते, कुणाच्या डोळ्यांत खुपते. मला आवडते. पण त्याहून मोलाची वाटते ती तिच्या पायाशी असलेली मोकळी जागा. धक्क्यावर कोणीही यावं, पाण्याकडे बघत बसावं. बाजूला छोट्या बोटींचं बंदर, १९०६ सालचं चार डोलकाठ्यांचं जुनं शिडाचं जहाज आणि पलीकडे ऑपेरा हाउस. पैसे टाकले तरच पाणी बघायला मिळेल, असं इथे नाही.

हे आपोआप घडलं नाही. शहर आणि नदी यांच्यामध्ये वाहता महामार्ग आडवा होता. २००६ मध्ये सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा खोदून ती वाहतूक जमिनीखाली नेली, तेव्हा शहराला नदी जवळची झाली.

समोरच्या काठाची गोष्ट गिरणगावच्या माणसाला लगेच कळेल. एरिक्सबर्ग, लिंडहोल्मेन इथले जहाजबांधणीचे कारखाने सत्तर-ऐंशीच्या दशकांत बंद पडले, हजारोंचा रोजगार गेला. आज तिथे कंपन्या, महाविद्यालयं आणि महागडे फ्लॅट आहेत. जुन्या कामगारांना त्यातून काय मिळालं, हा प्रश्न मला इथेही बोचतो. तरी नदीकाठाची वाट खुली राहिली आणि शहराच्या मध्यभागातल्या धक्क्यावरून लिंडहोल्मेनला जाणारी फेरी फुकट आहे.

आपल्याकडे १९८२ च्या गिरणी संपानंतर काय झालं? १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. लोकांचा हिस्सा असा एका दुरुस्तीत आक्रसला. बंदराच्या जमिनीबद्दल मला भीती वाटते ती याचीच. आराखड्यातल्या चित्रात झाडं, बाक, सायकली सगळं असतं. नियमात ते उरतं का?

चालू गोदीला कुंपण हवं, हे मान्य. गोथेनबर्गचं कंटेनर बंदरही नदीच्या मुखाकडे आहे आणि तिथे कोणी सहज फिरायला जात नाही. पण जी गोदी वापरात नाही, तिच्या भिंती कोणासाठी राखायच्या?

म्हणून टॉवरची उंची ठरण्याआधी पाण्यालगतचा सलग, विनातिकीट पट्टा नकाशावर आखून कायद्याने बांधला जावा. बंदरालगतच्या दारूखाना या वस्तीत, शिवडीत आज राहणाऱ्यांची घरं कुठे असतील, तेही त्याच नकाशावर दिसावं. आणि पहिली निविदा निघण्याआधी तो नकाशा मराठीत लोकांसमोर यावा.