राखाडी मांजर

आमचं मांजर काळं आहे. शेपटीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत, शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखं. पण मी काढलेल्या फोटोत ते राखेत लोळून आल्यासारखं दिसतं. बायकोच्या मते दोष माझा. माझ्या मते कॅमेऱ्याचा, कारण मी तो कायम ऑटोवर ठेवतो.

मॅन्युअलचा नाद मी दुसऱ्याच आठवड्यात सोडला. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक. त्याचा आकडा वाढला की भोक लहान होतं. २, २.८, ४, ५.६ असा तो पाढा, आणि दर पायरीला उजेड निम्मा. शटर म्हणजे त्या उजेडापुढचा उघडमीट करणारा पडदा. त्याचं आणखी निराळं: ६० दिसलं तर साठ समजायचं नाही, सेकंदाचा साठावा भाग समजायचा. हा हिशेब करेपर्यंत मांजर पलंगावरून कपाटावर गेलेलं असे.

म्हणून सगळं कॅमेऱ्यावर सोपवलं. बटण अर्धं दाबलं की तो उजेड मोजतो आणि ठरवतो, भोक किती उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं. भागलंच नाही तर आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवून फोटोवर वाळू पेरतो. इथवर माझी तक्रार नाही. घोळ आहे तो त्याच्या श्रद्धेत. सगळं जग सरासरीने मध्यम राखाडी आहे, असं तो धरून चालतो. समोरून उजेड कमी येतोय तो वस्तू काळी आहे म्हणून, की खोलीतच अंधार आहे म्हणून, हे त्याला कळावं कसं? मांजराने चौकट भरली की हा समजतो, दिवे गेले! मग भोक सताड उघडतो, शटर १/१५ सेकंदापर्यंत रेंगाळतं, आणि तेवढ्यात मांजर शेपटी हलवतं. माझ्याकडे तीन शेपट्यांच्या राखाडी मांजराचा फोटो आहे.

एकदा ते पांढऱ्या चादरीवर झोपलं होतं. मी चार पावलं मागे सरकलो. आता चौकटीत चादरच चादर; कॅमेऱ्याचे डोळे दिपले, त्याने भोक आवळलं, शटर पळवलं. मांजर अखेर काळं आलं. इतकं, की चादरीला भोक पडलंय असं वाटावं. आणि आदल्या दिवशी धुतलेली चादर राखाडी. बायकोने फोटो बहिणीला पाठवला. उत्तर आलं, "ताई, चादर कधी बदललीस गं?"

त्या रात्री मी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक उघडलं. फोटो उजळ-गडद करणारं अधिक-उणेचं एक बटण इतके दिवस माझ्या अंगठ्याखालीच होतं. चौकट काळ्याने भरली तर उणे करायचं, पांढऱ्याने भरली तर अधिक. म्हणजे डोळ्यांना जे जास्त वाटतंय तेच आणखी वाढवायचं. सुनेच्या तक्रारी ऐकणाऱ्या शेजारणी हे न शिकता करतात.

दुसऱ्या दिवशी तीच चादर, तेच मांजर. गुडघे टेकून, श्वास रोखून अधिक दीडवर आणलं. कॅमेऱ्याच्या चाकाची टकटक ऐकून मांजर उठलं, आळस दिला, निघून गेलं. फोटोचं बटण मात्र दाबलं गेलं होतं.

फोटोत नुसती चादर. लख्ख पांढरी. तो बायकोने ताबडतोब बहिणीला पाठवला.