आधी नाला मोजा

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळीपासून दोन तट पडले आहेत. विषय गावनाला. नगरपंचायतीने त्याच्या ‘सौंदर्यीकरणा’चं चित्र टाकलं: दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत, वर पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, रंगीत दिवे, ओपन जिम आणि मोठ्या अक्षरांत ‘आय लव्ह’च्या पुढे गावाचं नाव. एक तट म्हणतो, होऊ द्या ना बाप्पा, काहीतरी तर होऊन राह्यलं. दुसरा विचारतो, गावाच्या साऱ्या नाल्या तिथंच सुटतात, तर फिरायचं काय नाक धरून? मधूनच कुणीतरी मला ओढतं: ‘भाऊ, तुमच्या ऑस्ट्रेलियात कसं असते, सांगा.’

सांगतो. पण मी दोन्ही तटांत बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी राहतो ते कॅम्पबेल्स क्रीक. व्हिक्टोरिया राज्यातलं, कॅसलमेन नावाच्या छोट्या शहराला चिकटलेलं गाव. मेलबर्नहून दीड-दोन तासांचा रस्ता. गावाला ज्या नाल्याचं नाव आहे, त्याच्या काठाने पायवाट जाते. पाऊस इथे आपल्या वर्धा जिल्ह्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे उन्हाळ्यात नाल्याची नुसती डबकी उरतात. काठाला रेड गमची, म्हणजे निलगिरीच्याच कुळातली, जुनी झाडं आहेत. त्याखालून पोरं सायकलने शाळेत जातात, म्हातारी माणसं कुत्री फिरवतात, आणि डिसेंबर लागला की साप आहेत, जपून चाला, असे फलक दिसतात. वाट सुंदर आहे, वाद नाही. पण तिच्यावर झालेला खर्च पाहिला तर आपल्या ग्रुपवरच्या चित्रापुढे ती गरीब दिसेल. बरीचशी नुसती बारीक खडी टाकलेली आहे. भिंत नाही. कठडाही क्वचित.

मग ती टिकली कशी? एक कारण कागदातलं आहे. १८८१ साली व्हिक्टोरियाच्या सरकारने २८० नद्या-ओढ्यांच्या काठच्या सरकारी जमिनी सार्वजनिक कामासाठी कायमच्या राखून ठेवल्या. काठाची ती पट्टी विकायची नाही. पुष्कळ ठिकाणी ती शेजारच्या शेतकऱ्याला चराईसाठी परवान्यावर दिलेली आहे, पण त्याने फाटक ठेवायचं आणि चालणाऱ्याला जाऊ द्यायचं. म्हणजे पायवाट आखायची वेळ आली तेव्हा जागा शोधावी लागली नाही. ती सव्वाशे वर्षं नकाशावर पडून होती.

दुसरं कारण माणसांचं. लँडकेअर नावाची चळवळ याच राज्यात १९८६ साली सुरू झाली: शेतकरी आणि गावकरी मिळून आपल्या भागाची माती, पाणी, झाडं सांभाळतात. इथला नाल्याचा गट १९९० च्या दशकापासून काम करतो. काम कसलं, तर विलो, गॉर्स आणि ब्लॅकबेरी ही बाहेरून येऊन माजलेली झाडं-झुडपं काढत राहायचं, देशी रोपं लावत राहायचं. फीत कापायला काही नाही. आपल्याकडे त्या जागी बेशरम आणि गाजरगवत धरा.

आता इथलं कौतुक इथेच थांबवतो, कारण हा नाला काही पहिल्यापासून असा नव्हता. १८५१ मध्ये या भागात सोनं सापडलं आणि हजारो लोकांनी नाल्याचा तळ अक्षरशः उलटापालटा केला. ज्यांची ही भूमी, ते जाजा वुरंग लोक तिला ‘उलटी झालेली जमीन’ म्हणतात. १८८१ साली सरकारने उदारपणे राखलेली पट्टी मुळात त्यांच्याकडून घेतलेली होती, आणि त्यांच्याशी राज्याचा करार व्हायला २०१३ उजाडलं. तेव्हा ‘तिकडचे लोकच शिस्तीचे’ हे जे ग्रुपवर अधूनमधून येतं, ते मला पटत नाही. नाल्याची पार वाट लावून झाल्यावर इथले लोक शहाणे झाले.

आणि एक फरक असा की या नाल्याशी इथे कुणाचं पोट बांधलेलं नाही. आपला नाला कामाचा आहे. पोळ्याच्या आधी बैल तिथेच धुतात, गायकी, म्हणजे गुराखी, जनावरं तिथेच पाण्यावर नेतो, नवरात्रानंतर देवी तिथेच शिरवतात. चित्रातल्या भिंतीत बैल उतरेल अशी एक जागा नाही. ज्याने चित्र काढलं त्याने गाव पाहिलं नसावं. काळी मातीही पाहिली नसावी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात पायाचा पंजा जाईल एवढी फाटते. तिच्यावर बसवलेले पेव्हर दुसऱ्या वर्षी वरखाली झालेले आपल्या बसस्टँडसमोर रोज दिसतातच.

भिंतीचं मला खरं भय वेगळ्याच कारणाने वाटतं. काठ बांधून पात्र अरुंद केलं की पाण्याला पसरायला जागा उरत नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने मोवाडमध्ये दोनशेच्या वर माणसं नेली, हे आपल्या भागात कुणाला सांगायला लागू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी नागपूरच्या घराघरांत शिरलं, तेव्हा पाण्याच्या वाटेतल्या बांधकामांची चर्चा महिनोन्‌महिने चालली. आपला नाला त्यामानाने लहान. पण काठावरचा मोहल्लाही लहानच आहे, आणि तिथे कोण राहतं ते आपल्याला माहीत आहे.

तरीही ‘आधी गटार करा, मग फिरा’ म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. सांडपाण्याचं काम आधी व्हावं हे खरं. मात्र ती पाइपलाइन आणि शुद्धीकरण केंद्र यायला किती वर्षं जातील, ते त्यांनाही ठाऊक आहे. तोवर गावात चालायला जागा कुठे आहे? पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी राज्यमार्गाच्या कडेने धावतात, अंधारात, रेतीच्या टिप्परांशेजारून. बायका घोळक्याने त्याच रस्त्यावर फिरायला निघतात. ज्या काठावर एकेकाळी लोटा घेऊन जावं लागे आणि मागे गुड मॉर्निंग पथक लागे, त्याच काठावर आता नुसतं चालायला जावंसं वाटणं, ही काही चैन नाही. गावाच्या वरच्या अंगाला, जिथे नाल्या अजून मिळत नाहीत, तिथे मुरमाची वाट या उन्हाळ्यातही होऊ शकते.

फक्त ती जागा आपली आहे का, हे पाहावं लागेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्याचं पात्र शासनाचं. काठाची पट्टी राखून ठेवणारा १८८१ सारखा हुकूम मात्र आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहे ती नाल्याला लागून जाणारी जुनी पांदण, म्हणजे वावरांकडे जायची सार्वजनिक वाट. ती गावनकाशावर दिसते, जमिनीवर दिसत नाही. दरवर्षी कुणी नांगराचं एक तास पुढे सरकतं, कुणी तुऱ्हाट्यांचं कुंपण हलवतं. पांदण रस्त्यांसाठी शासनाच्या योजना आहेत. त्यातून पैसा मागता येईल, पण अतिक्रमण निघाल्याशिवाय मुरूम टाकायचा कुठे?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की चित्र बाजूला ठेवा आणि नाल्याची, पांदणीची सरकारी मोजणी मागवा. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा दोन्ही तट एकदम गप्प झाले. ज्यांची वावरं नाल्याला लागून आहेत, ते दोन्हीकडे आहेत. रात्री काकाजींचा फोन आला. ‘बाबू, तिकडं बसून तू मोजणी मांगून राह्यला, अन् पह्यला खुटा आपल्याच वावराच्या धुऱ्यावर ठोकतीन, माहीत हाये ना?’ मी म्हटलं, माहीत आहे काकाजी, ठोकू द्या.

ते अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत.