जुनी आलिशान गाडी घ्यायची तर तिच्यातली सगळ्यात साधी घ्या

"पंधरा वर्षांची मर्सिडीज नव्या हॅचबॅकपेक्षा स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" मला ओळखीतले लोक हा प्रश्न सतत विचारतात. विचारणारा बहुतेक वेळा मनातून ठरवून आलेला असतो, त्याला फक्त माझ्या तोंडून 'हो' ऐकायचं असतं. मी हो म्हणतोही, कारण मला या गाड्या मनापासून आवडतात आणि मी स्वतः वर्षानुवर्षं एक जुनी बीएमडब्ल्यू चालवतोय. पण त्या 'हो'ला एक अट जोडतो: सगळी फीचर्स असलेली, टॉप मॉडेल, मोठ्या इंजिनाची घेऊ नका. त्याच मॉडेलमधली सगळ्यात साधी शोधा.

याचं कारण हिशेबात आहे. गाडीची किंमत वयाबरोबर घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. कंट्रोल आर्म (चाकाला धरून ठेवणारा सस्पेंशनचा दांडा), हेडलाइट, गिअरबॉक्सचं युनिट यांच्या किमती ती गाडी नवी असताना ज्या वर्गात होती त्याच वर्गाच्या राहतात. लेबरही तसंच, कारण अवजारं आणि वेळ तेवढाच लागतो. म्हणजे तुम्ही गाडी घेता हॅचबॅकच्या भावात, पण तिला पोसता कंपनीच्या सगळ्यात महागड्या सेदानच्या भावात. हे आधीच मान्य असेल तर पुढचं सगळं सोपं आहे. म्हणून खरेदीसाठी जेवढी रक्कम ठरवली असेल, त्यातला चांगला मोठा हिस्सा पहिल्याच दिवशी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशात गाडी शोधा. सगळी रक्कम गाडीत घालून "बाकीचं बघू हळूहळू" म्हणणाऱ्यांच्या गाड्याच पुढे अर्धवट खोललेल्या अवस्थेत विकायला येतात.

आता साधी का, ते सांगतो. एअर सस्पेंशनचं उदाहरण घ्या. १९९८ ते २००५ मधली मर्सिडीजची डब्ल्यू२२० एस-क्लास एअरमॅटिकवर, म्हणजे हवेच्या स्प्रिंगवर उभी आहे (काहींत त्याऐवजी एबीसी नावाचं हायड्रॉलिक सस्पेंशन आहे, ते तर आणखी महाग). हवेच्या स्प्रिंगचं रबर वयाने चिरतं. चीर इतकी बारीक असते की गाडी चालवताना काही कळत नाही. पण हवा गळत राहते, मग ती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, तापतो आणि एक दिवस जळतो. मालक कॉम्प्रेसर बदलतो, गळती तशीच राहते, नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. अशी गाडी बघायला जाल तेव्हा ती रात्रभर एका जागी उभी ठेवायला सांगा आणि सकाळी कोणी सुरू करायच्या आधी चारही चाकांवरची मडगार्डची उंची बघा. एक कोपरा जरी खाली बसलेला दिसला तरी काय ते समजून घ्या. उलट मर्सिडीजच्याच डब्ल्यू२११ ई-क्लासमध्ये बहुतेक मॉडेल्सना लोखंडी स्प्रिंग आहेत. ती तितकी तरंगत नाही हे खरं. पण स्प्रिंग आणि शॉकॅब्सॉर्बर कुठलाही बरा मेकॅनिक बदलतो, आणि चांगला सेट टाकला की वर्षानुवर्षं त्यांचा विचारही करावा लागत नाही.

याच डब्ल्यू२११ मध्ये आणखी एक गोष्ट बघायची असते. २००२ पासून २००६ च्या फेसलिफ्टपर्यंतच्या (म्हणजे त्याच मॉडेलची सुधारित आवृत्ती येईपर्यंतच्या) गाड्यांना एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा होती. तिचं पंप युनिट ब्रेक किती वेळा दाबला गेला हे मोजत राहतं आणि ठरावीक आकडा ओलांडला की डॅशबोर्डवर इशारा देतं, मग ब्रेक कितीही छान लागत असले तरी. फेसलिफ्टनंतर मर्सिडीजने ती काढून पुन्हा साधी हायड्रॉलिक यंत्रणा बसवली. दिसायला जवळजवळ सारख्याच दोन गाड्या, किमतीतही थोडाच फरक, पण मी नंतरचीच घेईन.

इलेक्ट्रॉनिक्सचंही तेच. त्या काळातल्या बऱ्याच जर्मन गाड्यांमध्ये रेडिओ, अँप्लिफायर, फोन, नेव्हिगेशन हे सगळं एका फायबर ऑप्टिक रिंगवर जोडलेलं असतं. रिंगमधला एक डबा गेला की प्रकाशाचा प्रवास तिथेच तुटतो आणि सगळंच गप्प बसतं. कुठला डबा मेला हे शोधायला एक छोटा लूप कनेक्टर लावून एकेक डबा रिंगमधून वगळत जावं लागतं. जितकी फीचर्स जास्त, तितके डबे जास्त आणि शोध तितका लांब. सॉफ्ट-क्लोज दरवाजे, मसाज सीट, वळणाबरोबर फिरणारे झेनॉन दिवे हे सगळं नव्या गाडीत सुख आहे. वीस वर्षांनी त्यातली प्रत्येक मोटर वेगळं बिल आहे.

इंजिनाच्या बाबतीत मी जास्तच हट्टी आहे. मोठं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन ऐकायला सुंदर, मान्य. पण २००३ च्या सुमाराची ऑडी एस४ घ्या, ४.२ लिटर व्ही८. तिच्या टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहेत आणि चेनला जागेवर धरणारी गाइड्स प्लास्टिकची. ती झिजली की संपूर्ण इंजिन खाली उतरवावं लागतं. भाग तुलनेने स्वस्त, पण काम एवढं मोठं की बिल अनेकदा गाडीच्या किमतीला भिडतं. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्येही चेन मागेच आहे आणि तिची कीर्ती जगभर पसरलेली आहे. त्यामुळे गाडी निवडताना टॉप स्पीड राहू द्या. चेन आहे की बेल्ट, पुढे आहे की मागे, आणि इंजिन न उतरवता तिथे हात पोचतो का, हे आधी विचारा. टर्बो नसलेलं, सरळ सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन माझ्या मते या वयाच्या गाडीसाठी सगळ्यात शहाणी निवड आहे. बोनेट उघडलं की आजूबाजूला हात घालायला जागा दिसते, आणि लेबर वाचतं ते त्या जागेमुळे.

कोणी म्हणेल, मग आलिशान काय राहिलं? राहिलं की, बरंच. बॉडीची ताठरता तीच राहते. दरवाज्याचं वजन, कार्पेटखालच्या इन्सुलेशनची जाडी, सस्पेंशनची भूमिती, वेगात असतानाचा सरळपणा, यातलं जवळजवळ काहीही ऑप्शन म्हणून विकलं जात नव्हतं. ते बेस मॉडेललाही मिळायचं. अभियंत्यांनी वर्षं घालवली ती याच गोष्टींवर, आणि याच गोष्टी जुन्या होत नाहीत. तीन-चार तासांच्या प्रवासानंतर पाठ न दुखता उतरणं याला स्क्रीन किंवा मसाज सीट लागत नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी फाइल मागा. सर्व्हिसची बिलं तारखेनुसार लावून बघितली की ओडोमीटर खरा की खोटा हे आपोआप कळतं, आणि मालकाचा स्वभावही कळतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललेलं दिसलं तर मी निम्मा निश्चिंत होतो, कारण ते कोणी दिसण्यासाठी बदलत नाही. कमी रनिंगच्या गाडीला मात्र भुलू नका. वीस वर्षांत अगदी थोडी चाललेली गाडी म्हणजे वीस वर्षं उभी असलेली गाडी. ऑइल सील कडक झालेली असतात, सस्पेंशनचे रबरी बुश फाटलेले असतात, टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं असतं. रबर किलोमीटर बघत नाही, वय बघतं. नियमित चाललेली, बिलांचा गठ्ठा असलेली जास्त रनिंगची गाडी मी डोळे झाकून पसंत करेन.

इंजिन थंड असताना बघायचं, हा नियम मोडू नका. तुम्ही पोचायच्या आधीच मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. पहिल्या काही सेकंदांत चेनची खडखड, निळा धूर, इंजिनाचं अडखळणं, सगळं उघडं पडतं. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चार चाकांना चार कंपन्यांचे स्वस्त टायर असतील तर न दिसणाऱ्या जागी त्या मालकाने काय केलं असेल याचा अंदाज बांधा. आणि त्या-त्या कंपनीच्या गाडीतल्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. कुठल्याही गाडीला चालणारा साधा ओबीडी स्कॅनर मुख्यतः इंजिनाशी बोलतो, बाकीच्या मॉड्यूल्सशी त्याची ओळख नसते. सगळ्या मेमरी कोऱ्या दिसल्या तर त्या कालच पुसल्या आहेत असं समजा. एवढ्या जुन्या गाडीत एकही जुना कोड नसणं नैसर्गिक नाही.

वायपरच्या खालचा भाग फार कमी लोक बघतात. फोक्सवॅगन पसाट बी५ आणि त्याच पिढीच्या ऑडीमध्ये तिथे, बॅटरीच्या खाली, पावसाचं पाणी जायला रबराचं बूच असलेलं भोक असतं. पानं आणि माती साचून ते बुजतं. मग पाणी तुंबतं, पातळी वाढते आणि ते केबिनमध्ये उतरतं. नेमकं पुढच्या कार्पेटखाली, फोमच्या जाड थरात, सेंट्रल लॉकिंग आणि काचा चालवणारं मॉड्यूल बसवलेलं आहे. कार्पेट वरून कोरडं लागतं, खालचा फोम महिनोन्‌महिने ओला राहतो. काचा आपोआप खाली जातात, बॅटरी उतरते, आणि लोक बॅटरीवर बॅटरी बदलत बसतात. म्हणून मी कार्पेटच्या कडेने हात आत घालून फोम दाबून बघतो. सनरूफच्या नळ्यांचंही असंच असतं, कोपऱ्यात थोडं पाणी ओतून ते खाली चाकाजवळ बाहेर पडतं का ते बघायला दोन मिनिटं लागतात.

गाडी घरी आली की बाजूला काढलेले पैसे कुठे घालायचे? डेंट-पेंटवर नाही, अलॉय व्हीलवर तर अजिबात नाही. आधी कूलिंग सिस्टिम. माझी बीएमडब्ल्यू ई३९ आहे, १९९५ ते २००३ मधली ५ सीरिज. या गाडीचं इंजिन भक्कम, पण त्याला थंड ठेवणारे बरेचसे भाग प्लास्टिकचे: एक्स्पान्शन टाकी, थर्मोस्टॅटचं घर, रेडिएटरच्या दोन्ही बाजू, आणि काही वॉटर पंपांची पातीसुद्धा. माझ्या गाडीत एक थेंबही गळत नसताना मी हे सगळं एकदम बदलून घेतलं. जुनी टाकी हातात घेऊन पाइपाच्या तोंडाशी अंगठ्याने दाबली तर कड खडूसारखी तुटली. आतून प्लास्टिक तपकिरी पडलं होतं आणि शिवणीवर केसासारखी रेघ होती. बाहेरून बघणाऱ्याला ती टाकी ठणठणीत वाटली असती. ती भर रस्त्यात फुटली असती तर इंजिन तापून अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकायला फार वेळ लागला नसता, आणि हेडच्या कामापुढे हा सगळा प्लास्टिकचा संच म्हणजे किरकोळ खर्च.

दुसरं गिअरबॉक्स ऑइल. "लाइफटाइम भरलेलं आहे, बदलायची गरज नाही" हे वाक्य तुम्हाला ठामपणे ऐकवलं जाईल. मात्र बऱ्याच जर्मन गाड्यांतले ६एचपी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ज्या झेडएफने बनवले, ती कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. त्या गिअरबॉक्सचा खालचा पॅन प्लास्टिकचा आणि फिल्टर त्यातच असतो, त्यामुळे पॅनसकट बदलायचं.

पार्ट्समध्ये बचत नक्की होते, पण जागा ओळखून. सस्पेंशनचे भाग लेमफॉर्डर, ब्रेक एटीई, शॉकॅब्सॉर्बर साक्स किंवा बिल्स्टाइन अशा नावांचे घेतले तर अनेकदा कारखान्यात बसवलेला तोच भाग वेगळ्या खोक्यात मिळतो, कधी कधी तर लोगोची जागा घासलेली स्पष्ट दिसते. काच, सीट, दिवे, दरवाज्याची पॅनेल, स्विच हे भंगारात निघालेल्या गाडीतून निवांत घ्या. रबर, ब्रेक, वॉटर पंप आणि टेंशनर (बेल्ट किंवा चेन ताणून ठेवणारा भाग) मात्र वापरलेले कधीच घेऊ नका.

आणि हे सगळं कोण करणार? मेकॅनिक गाडीच्या आधी शोधा. ज्याच्याकडे तुमच्या पसंतीच्या कंपनीचा नीट स्कॅनर आहे, जो भाग बदलण्याआधी कारण शोधतो आणि जुना भाग काढून तुमच्या हातात देतो, असा माणूस जवळपास नसेल तर कंपनी बदला. तुमच्या भागात ज्या गाडीचा जाणकार आहे ती गाडी तुमची.

घरात ही एकच गाडी असणार असेल आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी निघणं भाग असेल, तर तूर्त थांबा असंच मी सांगेन. यात तुमच्या ऐपतीचा प्रश्न नाही. पार्ट मागवला की चार-सहा दिवस गाडी उभी राहते, आणि दुसरी सोय नसली की माणूस घाईत चुकीचा भाग, चुकीच्या माणसाकडून बसवून घेतो.

आज मला कोणी पैसे हातात देऊन शोधायला पाठवलं तर माझी यादी छोटी आहे. लोखंडी स्प्रिंगची लेक्सस एलएस ४००, टायमिंग बेल्ट बदलल्याच्या बिलासकट, आणि पॉवर स्टिअरिंगचं ऑइल खाली आल्टरनेटरवर गळत नाही ना हे बघून. फेसलिफ्टनंतरची डब्ल्यू२११, एअरमॅटिक नसलेली. आणि ई३९, सहा सिलिंडरची, कापडी सीटची मिळाली तर उत्तमच. कापडी सीटवाली गाडी बाजारात लवकर खपत नाही, त्यामुळे मालक भावात ऐकतो. वाचलेले पैसे थेट रेडिएटरकडे वळवायचे.