‘आठव्या महिन्यात रांगलंच पाहिजे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

भाचीने रात्री अकराला एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, हे खरं आहे का गं?” तिची मुलगी साडेआठ महिन्यांची आहे. बसते, ओळखीचा चेहरा दिसला की खुलते, खेळणं या हातातून त्या हातात घेते. रांगत मात्र नाही.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. तिसऱ्या महिन्यात मान, सहाव्यात बसणं, आठव्यात रांगणं, बाराव्यात चालणं, आणि यात मागे पडलेल्या बाळाचा मेंदू मंद. रांगणं चुकलं तर पुढे वाचन कच्चं. वॉकर दिला की बाळ लवकर चालतं. सहाव्या महिन्यातच कायम एकच हात पुढे करणारं बाळ हुशार. शेवटी दिलासा: बोलण्याचं मनावर घेऊ नका, मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षं वाट पाहा.

मला या मेसेजचा राग येतो. घाबरायचं काही कारण नसतं तिथे तो आईबापांची झोप उडवतो, आणि लगेच उठून तपासणीला जायला हवं तिथे त्यांना निवांत बसवून ठेवतो.

आधी ते महिने पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली ८१६ निरोगी मुलं कधी बसली, कधी रांगली, कधी चालली याच्या नोंदी त्यात आहेत. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान कधीही. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६. म्हणजे दोन धडधाकट मुलांच्या पहिल्या पावलात नऊ महिन्यांचा फरक असू शकतो. बारावा महिना ही साधारण मधली रेघ आहे. निम्मी मुलं तोवर चालू लागलेली असतात, निम्मी नसतात. मेसेजने ही मधली रेघ उचलली आणि शेवटची मुदत म्हणून छापली. अशा हिशोबाने जगातली अर्धी बाळं मंद ठरतील!

त्यात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा विचारच नाही. दोन महिने आधी आलेल्या बाळाचं वय विकासाच्या टप्प्यांसाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात, निदान दोन वर्षांचं होईपर्यंत. कागदावर आठ महिन्यांचं असलेलं ते बाळ या मोजणीत सहा महिन्यांचंच असतं.

आता ‘उशिरा चालतं म्हणजे मेंदू मंद’. नवजात बाळाला काखेत धरून उभं केलं की ते पावलं टाकल्यासारखे पाय हलवतं. दोनेक महिन्यांत हे बंद होतं. मेंदू परिपक्व होताना ही हालचाल दाबून टाकतो, असंच बरीच वर्षं मानलं जायचं. १९८०च्या दशकात एस्थर थेलेन या संशोधिकेने पावलं टाकणं थांबवलेल्या बाळांना पाण्यात उभं धरलं. पाय हलके झाले आणि पावलं परत आली! दरम्यान बाळ अंगाने भरलं होतं आणि मांड्यांचं वजन उचलण्याएवढी ताकद स्नायूंत अजून आलेली नव्हती, एवढंच. हे वाचल्यापासून मी कुठल्याही गुटगुटीत बाळाकडे वेगळ्या नजरेने बघते. हालचाल कधी येईल हे मेंदूइतकंच शरीराची ठेवण, ताकद आणि जमिनीवर मोकळं पडून राहायला किती वेळ मिळतो यावरही ठरतं. दहाव्या महिन्यात चाललेलं मूल पुढे वर्गात पहिलं येतं, असंही काही नाही.

रांगण्याबद्दलचा दावा मला सगळ्यांत जास्त खुपतो, कारण तो शास्त्राचा आव आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात सुमारे ४ टक्के निरोगी मुलं हात-गुडघ्यांवर कधीच रांगली नाहीत. कुणी बसल्या बसल्या सरकतं, कुणी पोटावर फरपटत जातं, कुणी लोळत खोली पार करतं, कुणी सरळ उभंच राहतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये टप्प्यांची यादी नव्याने केली, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. मग वाचनाशी त्याचा संबंध आला कुठून? १९६०च्या दशकात अमेरिकेतले फिजिओथेरपिस्ट ग्लेन डोमन आणि शिक्षणतज्ज्ञ कार्ल डेलाकाटो यांनी सांगायला सुरुवात केली की सरकणं, रांगणं हे टप्पे नीट पार पडले तरच मेंदूची घडी बसते. त्यावर त्यांनी व्यायामाचे उपचारही बेतले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ते उपचार पुन्हा पुन्हा नाकारले. पण कल्पना मागे उरली आणि आज ती फोनवरून फिरते आहे. रांगणं छानच आहे, बाळाला त्यासाठी जमीन मोकळी करून द्या. ते चुकलं म्हणून सहा वर्षांनी अक्षरं अडतील, याला पुरावा नाही.

वॉकरवर फार लिहायला नको. त्याने चालणं लवकर येत नाही. बाळ चवड्यांनी ढकलत राहतं, तोल सांभाळायची वेळच येत नाही, आणि जिन्यावरून कोसळून डोक्याला इजा होते. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. चालणं येतं ते पडून उठण्यातून: नुकत्याच चालू लागलेल्या मुलांची मोजदाद केली तेव्हा ती तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती.

एकाच हाताच्या हुशारीचा दावा थेट घातक आहे. पहिल्या वाढदिवसाच्या आत बाळ सतत एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत किंवा बाजूला पडून राहत असेल, तर त्या दुसऱ्या हातात अशक्तपणा आहे का ते तपासावं लागतं. कौतुकाचे व्हिडिओ काढण्यात हे महिने जायला नकोत.

तीच गोष्ट बोलण्याची. ‘हुंकार देतंय, म्हणजे ऐकू येतंय’ अशी समजूत असते, पण ऐकू न येणारं बाळही पहिल्या महिन्यांत हुंकार देतं. म्हणूनच श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, दोष असल्यास त्याचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू, असं वेळापत्रक आखलेलं आहे. तीन वर्षं थांबलेल्या मुलाचं भाषेच्या दृष्टीने किती नुकसान झालेलं असेल! मुलगे सरासरीने किंचित मागे असतात, पण तो फरक इतका लहान आहे की त्यावर कुणालाच थांबवून ठेवता येत नाही. वर्षाचं मूल नावाला वळत नसेल, टाटा करत नसेल, हवी ती वस्तू कुठल्याच खुणेने मागत नसेल, किंवा दीड वर्षापर्यंत एकही शब्द आला नसेल, तर मुलगा असो वा मुलगी, आधी कान तपासून घ्या.

हालचालींतही काही गोष्टींसाठी थांबू नये: चौथा महिना संपला तरी मान सावरत नाही, नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्ष झालं तरी चालत नाही. अंग सतत ताठ किंवा फारच ढिलं वाटतं, तेही दाखवा. तपासलं आणि सगळं ठीक निघालं तर उत्तमच.

एक गोष्ट मेसेजमध्ये मुळीच नाही आणि तीच माझ्या मते सगळ्यांत तातडीची आहे: आधी येत असलेली गोष्ट येईनाशी होणं. हसणारं बाळ हसेनासं झालं, ‘बा-बा, दा-दा’ करणारं गप्प झालं, बसणारं कलंडू लागलं, तर कोणत्याही वयात लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.

भाचीला मी रात्रीच फोन केला. मागून हाक मारली तर वळते का? दोन्ही हात सारखे चालतात का? उभं धरलं तर पायांवर भार देते का? तिन्हींना हो म्हणाली. मग मी तिला रांगण्याचा विषय सोडून द्यायला सांगितलं, आणि पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना दाखवण्यासाठी घरात खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवायला सांगितला. दवाखान्यात मुलं बुजतात आणि घरी सहज करतात ते तिथे करत नाहीत.