"हात उगारला का?" एवढंच विचारून कसं चालेल?

रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्यात खाली एक काकू राहायच्या. काकांनी त्यांच्यावर कधी हात उगारला नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण रोज रात्री जेवणं उरकली की काका चष्मा लावून हिशेबाची वही उघडायचे आणि काकू शेजारी उभ्या. बसायच्या नाहीत. "कोथिंबीर पाचची? काल तीनची होती." पिळून पिळून चुरगळलेलं त्यांच्या पदराचं टोक मला अजून दिसतं.

परवा आमच्या गटात कुणीतरी लिहिलं, घरगुती हिंसा कमी होतेय, आकडेच बघा. आकडे खरे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ला ३१.२ टक्के विवाहित बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं, २०१९-२१मध्ये २९.३ टक्क्यांनी. पण या आकड्यात फक्त शारीरिक आणि लैंगिक हिंसा धरलेली आहे.

त्या सर्वेक्षणाला मी नावं ठेवत नाही. "तुमच्यावर हिंसा होते का?" असं ते विचारत नाहीत, कारण त्यावर आपल्याकडे बाई हमखास "छे हो!" म्हणेल. थोबाडीत मारली का, हात पिरगाळला का, केस ओढले का, असं एकेक करून विचारतात. तेही घरातल्या एकाच बाईला, एकटीला गाठून. १९७९मध्ये मरे स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मांडलेल्या मोजपट्टीवरून ही पद्धत आली. अपमान केला का, माहेरच्यांना भेटू देतो का, हेही विचारतात. पण ती उत्तरं या मुख्य आकड्यात धरत नाहीत, आणि बातमीत बहुतेकदा येतो तो मारहाणीचा आकडा.

मला राग याचाच येतो. घरगुती हिंसेविरुद्धच्या २००५च्या कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ, चारही एकाच व्याख्येत घेतले. घरखर्चाला पैसे न देणं हाही त्यात छळच. मग मोजताना दोनच का धरायचे? पंधरा वर्षांत एकदा थप्पड खाल्लेली बाई हिंसेच्या रकान्यात आणि तीस वर्षं धाकात उभी राहिलेली बाई 'हिंसा नाही' या रकान्यात, हे मला पटत नाही. एकदाची थप्पडही मोजाच, ती सोडा असं मी म्हणतच नाहीये. पण घरात भीती किती आहे, हेही त्याच आकड्याशेजारी छापा.

काका गेल्यानंतर दिवाळीला काकूंना भेटायला गेले होते. चहा झाला, आणि त्यांनी कपाटातून वही काढून माझ्या हातात दिली. दूध, भाजी, रिक्षा, सगळं तारीखवार लिहिलेलं.

"एकदा बघून दे ना गं, जुळतंय का."

आणि उभ्याच राहिल्या.