इटलीचे पोशाखी साहसपट ही हॉलिवूडची नक्कल नव्हती

हॉलिवूडच्या ‘बेन-हर’ या चित्रपटाचे यश पाहून इटलीतल्या निर्मात्यांनी पिळदार शरीराचे नट उभे केले आणि प्राचीन ग्रीस-रोमच्या स्वस्त नकला काढल्या, असे विधान चित्रपटप्रेमींमध्ये सर्रास फिरते आहे. ते चुकीचे आहे आणि एका समृद्ध परंपरेवर अन्याय करणारे आहे.

मुळात कालक्रमच जुळत नाही. स्टीव्ह रीव्हज यांची भूमिका असलेला पिएत्रो फ्रान्चिस्की यांचा ‘हर्क्युलिस’ इटलीत १९५८च्या आरंभी झळकला, तर ‘बेन-हर’ १९५९च्या नोव्हेंबरात, आणि त्याचेही बरेचसे चित्रीकरण रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओतच झाले होते. हॉलिवूडच्या १९५१च्या ‘क्वो वादिस’ने या विषयाला नवी मागणी निर्माण केली, हे मान्य करायलाच हवे, परंतु तो ज्या कादंबरीवर बेतला होता, तिच्यावरच इटलीत एन्रिको ग्वात्सोनी यांनी १९१३मध्येच भव्य मूकपट केला होता.

बलदंड नायकही उसना नव्हता. जोव्हान्नी पास्त्रोने यांच्या १९१४च्या ‘काबिरिया’त माचिस्ते हा गुलाम प्रथम अवतरला आणि ती भूमिका केली जेनोव्हाच्या बंदरात हमाली करणाऱ्या बार्तोलोमेओ पागानो यांनी. साखळदंडाने जखडलेला हा धिप्पाड माणूस जात्याचा दगड फिरवत राहतो, ते दृश्य पाहिल्यावर १९५८च्या हर्क्युलिसने साखळ्यांनी ओढून राजवाड्याचे खांब पाडणे कोणाच्या वंशातले आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. याच ‘काबिरिया’त पास्त्रोने यांनी कॅमेरा गाड्यावर ठेवून प्रचंड सेटमधून संथपणे सरकवला होता.

उरला ‘स्वस्त’ हा शब्द. पैसा कमी होता, हे खरे. कसब कमी होते, हे खरे नाही. ‘हर्क्युलिस’चे छायाचित्रण मारिओ बाव्हा यांचे आहे, आणि पुढे १९६१मध्ये हर्क्युलिसला पाताळात नेणारा चित्रपट स्वतः दिग्दर्शित करताना त्यांनी मोजक्याच सेटवर धूर आणि लाल, निळा, हिरवा प्रकाश खेळवून पाताळ उभे केले. पुढे वेस्टर्नपटांमुळे गाजलेल्या सर्जिओ लेओने यांचे दिग्दर्शक म्हणून नाव लागलेला पहिला चित्रपटही याच प्रकारातला, १९६१चा ‘रोड्सचा कोलोसस’. त्यात महाकाय पुतळ्याच्या कानातून माणसे बाहेर पडतात आणि त्याच्या हातावर तलवारी भिडतात. रुंद पडद्यासाठी रचलेल्या अशा चौकटी अनेकांनी दोन्ही बाजूंनी कापलेल्या, रंग उडालेल्या आणि इंग्रजी आवाज चिकटवलेल्या दूरचित्रवाणीच्या प्रतींतूनच पाहिल्या, आणि प्रतीची ती दुरवस्था चित्रपटाच्या नावावर मांडली गेली.