शवपेटीची घंटा आणि इतर भाकडकथा

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या कोल्हापुरातील मुलांमध्ये व्हॉट्सॲपवरचा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. इंग्रजीतील नेहमीचे वाक्प्रचार सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या हालअपेष्टांतून जन्मले आणि त्या गोष्टी वाचल्या की अर्थ आपोआप लक्षात राहतो, असा त्याचा दावा आहे. मूळ इंग्रजी मजकूर १९९९ पासून ई-मेलने फिरतो आहे; मराठीत त्याला फक्त नवी फोडणी मिळाली. त्या गोष्टी खोट्या आहेतच, पण त्या अर्थही बिघडवतात, ही माझी मुख्य हरकत आहे.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' म्हणजे धो धो पाऊस. गवती छपरात झोपलेली कुत्री-मांजरे पावसात घसरून खाली पडत, असे संदेश सांगतो. गगनबावड्याकडे गवताने शाकारलेले घर ज्याने पाहिले आहे, त्याला हे पटणे कठीण आहे, कारण दाबून बसवलेल्या गवतावरून पाणी उताराने वरच्या वर निथळते आणि पाऊस आला की कुत्रे छपरावर चढत नाही, पडवीत शिरते. हा वाक्प्रचार आजच्या रूपात जोनाथन स्विफ्टच्या १७३८ मधील लेखनात आढळतो. उगमाबाबत अभ्यासकांत एकमत नाही. आज बोलताना बहुतेक जण 'इट्स पोअरिंग' एवढेच म्हणतात.

'सेव्ह्ड बाय द बेल' हा शवपेटीत जिवंत पुरलेल्या माणसाने दोरी ओढून वाजवलेल्या घंटेवरून आला, हा दावा सर्वांत लोकप्रिय आणि तितकाच निराधार आहे. ही घंटा मुष्टियुद्धातील आहे. १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांनुसार फेरी तीन मिनिटांची असते आणि मधे एक मिनिट विश्रांती मिळते. मार खाऊन डगमगणारा खेळाडू फेरी संपल्याच्या घंटेने तेवढ्यापुरता वाचतो. खासबागेतील निकाली कुस्तीला अशी घंटा नाही, तिथे चितपट होईपर्यंत सुटका नाही, म्हणून हा 'तेवढ्यापुरता' आपल्याकडे सहज निसटतो. सरांनी उत्तर विचारावे आणि नेमकी तास संपल्याची घंटा व्हावी, तिथे हा वाक्प्रचार चपखल बसतो.

'डेड रिंगर'लाही तीच शवपेटी चिकटवली आहे. वास्तविक 'रिंगर' म्हणजे अमेरिकेतील शर्यतीत दुसऱ्याच्या नावाने उतरवलेला घोडा, आणि इथे 'डेड' म्हणजे तंतोतंत. अर्थ 'हुबेहूब तसाच दिसणारा' एवढाच; मृत्यूचा संबंध नाही. संदेशातील गोष्ट पाठ करणारा परीक्षेत नेमका इथेच फसेल.

'थ्रो द बेबी आउट विथ द बाथवॉटर' या म्हणीसाठी सांगितलेली, वर्षातून एकदा सगळे कुटुंब एकाच पाण्यात अंघोळ करी, शेवटी गढूळ पाण्यात बाळ दिसेनासे होई, ही गोष्टही रचलेली आहे. टाकाऊबरोबर मोलाचेही फेकून देणे, या अर्थाची ही म्हण मुळात जर्मन आहे. थॉमस मुर्नरच्या १५१२ मधील उपहासात्मक पुस्तकात ती येते, सोबत बाळासकट टब उपडा करणाऱ्या बाईचे चित्रही आहे. इंग्रजीत ती थॉमस कार्लाइलने १८४९ मध्ये आणली.

राहिली 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट'. घंटा ऐकायला रात्रभर स्मशानात कोणी बसत नसे. मध्यरात्रीनंतरच्या सामसुमीवरून पडलेले हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे नाव आहे. शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत रात्रभर भट्टी धडधडत असली, तरी तिथल्या रात्रपाळीलाही इंग्रजीत हेच म्हणता येईल.